दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी

नागपूर, १६ नोव्हेंबर

प्रिय मधू,

काल फोनवर म्हणालीस, "जानेवारीत नाकाचं परत ऑपरेशन करायचंय, तू फक्त हो म्हण." मी गप्प राहिले आणि तू फोन ठेवलास. बेटा, मी रागावले नव्हते. तोंडी नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. नाकावरचा तो उंचवटा तुला कॉलेजपासून खुपायचा हे खरं, पण एप्रिलमध्येच उरकून टाकू हा हट्ट माझा होता. दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणार होते ना. एकाच डॉक्टरला दाखवलं, दुसऱ्याचं मत घेतलं नाही. नाक कसं दिसेल यावर तासभर बोललो, श्वासाचा विषय कुणी काढला नाही आणि मलाही सुचला नाही. भर उन्हाळ्यात नाकावर पट्टी बांधून तू कूलरसमोर बसायचीस, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पाहुण्यांना आता मी थांबा म्हणून कळवलंय.

दिवाळीत चार दिवस होतीस. रात्री पाणी प्यायला उठले तर तू उताणी झोपलेली, तोंड उघडं, ओठ सुकून पांढरे पडलेले. सकाळी चहा पिताना उजव्या गालावर बोट टेकवून कानाकडे ओढत होतीस. काय करतेस विचारलं तर म्हणालीस, असं केलं की श्वास मोकळा होतो. तो एक कप संपेपर्यंत तू सात वेळा गाल ओढलास. मी मोजलं.

तुला न सांगता मी धंतोलीत एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना भेटून आले. ते म्हणाले, गाल ओढून बघणं ही आमची तपासायचीच पद्धत आहे. उंचवटा तासताना कधी कधी आतल्या वाटेचा आधार जातो आणि ती अरुंद होते, श्वास घेताना आत ओढली जाते. तसं असेल तर डॉक्टर कार्टिलेज म्हणतात त्या मऊ हाडाच्या बारीक पट्ट्या बसवून वाट उघडतात. पण तुला तपासल्याशिवाय नक्की काही सांगणार नाही म्हणाले, आणि मला ते आवडलं.

जानेवारीला मात्र माझा विरोध आहे. नाकाच्या शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त, आणि आपल्या घरात सगळ्यांचीच जाड. जानेवारीत तुला नऊच महिने होतात. आतले व्रण अजून कडक असताना परत उघडलं तर डॉक्टरलाही अंदाज येत नाही. शेंडा जाड दिसतो म्हणतेस, त्यातली काही सूजच असेल. डाव्या बाजूचा खळगा मात्र सूज नाही, तो मलाही दिसतो. "काही नाही गं, छान दिसतंय" असं मी तुला म्हणणार नाही. फक्त मोबाईल जवळ धरून काढलेल्या फोटोंवरून ठरवू नकोस, तेवढ्या अंतरावरून कुणाचंही नाक मोठंच येतं.

पहिल्या ऑपरेशनचे कागद मिळवले. तीन चकरा मारायला लावल्या, आधी नुसतं डिस्चार्ज कार्ड हातात ठेवलं. मग मी २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांचं नाव घेतलं. पेशंटने मागितले की ७२ तासांत कागद द्यावे लागतात, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय. तिसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या नोट्स मिळाल्या. त्यात आहे की मधल्या पडद्याचं कार्टिलेज तेव्हाच काढून वापरलंय. म्हणजे आता लागलं तर कानाचं, नाहीतर बरगडीचं घ्यावं लागेल. बरगडीचं म्हटलं तर छातीवर छेद आला, दुखणं आलं, आणि ते पुढे वाकूही शकतं. हे सगळं डॉक्टरला तू स्वतः विचार. अशी दुसऱ्यांदाची नाकं त्यांनी किती केलीत तेही विचार, संकोच करू नकोस.

आत्या म्हणते, देवानं दिलेल्या नाकाला परत परत हात कशाला. तुझ्या बाबांनी तिला कावसजीची गोष्ट ऐकवली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला तो गाडीवान, पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक करून दिलं, आणि १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं. नाक दुरुस्त करणं आपल्याकडे किती जुनं आहे बघ. आत्या काही बोलली नाही, पण तिळगुळाच्या वेळी परत काढेल विषय. मी आहे.

पैशाची काळजी करू नकोस, एफडी मोडायचं आमचं ठरलंय.

संक्रांतीला येशील तेव्हा धंतोलीतली १६ जानेवारीची वेळ घेतली आहे, सकाळी अकराची. त्या दिवशी फक्त तपासणी. नोट्स निळ्या फाईलमध्ये लावल्यात. डॉक्टरांना ऑपरेशनआधीचं नाकही बघायचंय, म्हणून कपाटातून जुना अल्बम काढला. फुटाळा तलावावरचा, तू वाऱ्यात केस सावरत बाजूला बघतेस तो फोटो आहे ना, त्यात नाक चांगलं स्पष्ट आलंय. तो मी वेगळा काढून ठेवलाय.

तुझी,
आई