सरासरी १०२०३०

सोलापूर, रविवार

प्रिय जाड्या,

तुझे फोन उचलले नाहीत, तेव्हा शिव्या घालून झाल्या असतीलच. इकडे सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच.

पत्र अक्काच्या पिंट्याबद्दल आहे. अक्कासमोर हे बोलता येत नाही आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

पोरगं हुशार आहे. पण एरर गेली की काम झालं, असं धरून चालतं. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायचं साधं फंक्शन, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. त्यानं लिहिलं, रिटर्न अ + ब + क / ३. तिन्ही ठिकाणी शून्य घातलं, उत्तर शून्य आलं, गडी खूश. अरे, शून्यावर तर कसलंही सूत्र पास होतं! ३०, ६०, ९० घातल्यावर १२० आले. भागाकार आधी होतो, त्यामुळे तीननं भाग गेला तो एकट्या क ला. बेरजेला कंस हवा. तपासायला आकडे वेगवेगळे घ्यायचे आणि उत्तर आधी वहीत काढायचं, हे त्याला बजावलंय. वहीत ६० असले की पडद्यावरचे १२० खुपतात.

पुढचा घोळ तुझा आहे. त्यानं गुण कीबोर्डवरून घ्यायला इनपुट लावलं. इनपुट देतं ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, आत अंक असले तरी. मजकुराला भागता येत नाही, म्हणून भागाकाराच्या ओळीवर टाइपएरर आली, त्यानं तुला फोन केला, आणि तू चहा पीत पीत सांगितलंस, "इंट लाव." इंट मजकुराचा पूर्णांक करतो. लावला त्यानं. अख्ख्या बेरजेला! इंट(अ + ब + क) / ३. एरर गायब, सरासरी १०२०३०. तीन स्ट्रिंगा चिकटून ३०६०९० झाल्या, त्याचा आकडा झाला, मग तीननं भाग गेला. शंभरपैकी एक लाख दोन हजार गुण. भाऊजी नव्या पेठेत पेढे वाटतील.

एरर निदान बोंब मारते, हे मुकाट्यानं चुकतं. म्हणून फोनवर नुसती दुरुस्ती सांगू नकोस. ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारा मजकूर, खालून वाचायला लाव: शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठं अडकलं ते. पण अडकलं तिथंच चूक असते असं नाही. इथं चूक वर, इनपुटपाशी होती. प्रत्येक गुण घेतानाच इंट(इनपुट()) करायचं. साडेसत्तेचाळीस गुण असले तर इंट ४७.५ वर व्हॅल्यूएरर देतो, मग फ्लोट, तो दशांश घेतो.

संशय आला की त्या ओळीच्या वर प्रिंट(रेप्र(अ)) टाकायला सांग. साधी प्रिंट फसवते, आकडा ३० आणि स्ट्रिंग ३० सारखेच दिसतात. रेप्रनं स्ट्रिंगची अवतरणचिन्हं उघडी पडतात.

रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिण्याची खोडही आहे त्याला. रिटर्न उत्तर परत देतो, प्रिंट नुसती पडद्यावर दाखवते. मग बाहेरून प्रिंट(सरासरी(अ, ब, क)) केलं की ६०.० आणि त्याखाली नन. त्याला वाटलं, नन ही एरर. फंक्शननं काही परत दिलंच नाही की पायथॉन नन देतो, एवढंच. ती सरासरी पुढच्या बेरजेत घेतली की मात्र टाइपएरर येते.

आणि तू फार हसू नकोस. सी या भाषेत ५/९*(फॅ-३२) लिहून सोलापूरच्या उन्हाळ्याचं तापमान शून्य काढणारा कोण होता? ११० फॅरनहाइटचे ४३.३ सेल्सियस व्हायला हवे होते. पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की सी दशांश टाकून देतं, ५/९ म्हणजे शून्य. ५.० लिही म्हणून घसा सुकला माझा, तू कंपायलर बदलायला निघाला होतास! अजून मान्य करत नाहीस, माहीत आहे.

भाऊजी म्हणतात पुण्याच्या क्लासला घालू. फी ऐकलीस का? थांबव त्यांना, तुझंच ऐकतात ते. क्लासमध्ये गड्याला भराभर नवे धडे मिळतील आणि १०२०३० पाहून "आलं की उत्तर" म्हणायची सवय तशीच राहील. मला दिवाळीपर्यंतचे रविवार दे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. शेंगाचटणी अक्काबरोबर पाठवतोय, अर्धी वहिनींची.

पिंट्या आता यादीची सरासरी लिहितोय, बेरीज भागिले लेन, म्हणजे यादीतल्या आकड्यांची संख्या. रिकामी यादी दिली की शून्यानं भागल्याची झिरोडिव्हिजनएरर येईल आणि तो तुलाच फोन लावेल. एवढंच विचार, "यादीत किती आकडे आहेत?" आणि गप्प बस.

तुझा,
बारक्या