हिरा आपल्याच मातीतला

महोदय,

लग्नसराई आली की वेंगुर्ल्यातल्या आमच्या पेढीवर तरुण जोडपी साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी मागतात आणि ‘ही परदेशी थेरं’ म्हणून सोबतची वडीलधारी मंडळी नाराज होतात. हिरा परदेशी नाही हो! १८व्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे मिळत ते जवळजवळ सगळे भारतातून. कृष्णाकाठचं कोल्लूर आणि गोवळकोंड्याचा बाजार त्यासाठी नावाजलेले. अंगठीचा आग्रह मात्र अलीकडचा. ‘हिरा कायमचा’ ही डी बिअर्स या हिरे कंपनीची जाहिरात १९४७ सालची.

परवा एक आजी सासूबाईंची नथ दुरुस्तीला घेऊन आल्या. त्यातला हिरा पैलू न पाडलेला, पोलकी. खालचा चांदीचा वर्ख काळवंडलेला. नातसुनेला ती काच वाटली. तिला भिंगातून त्याचा ओबडधोबड, नैसर्गिक पृष्ठभाग दाखवला. जमिनीखाली १५० किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली घडलेला आणि ज्वालामुखीने वर आणलेला तो कार्बन! वर्ख बदलला, हिऱ्याला हात लावला नाही. नथ आता त्या मुलीकडे जाईल. हिऱ्याचं खरं मोल मला या देण्याघेण्यात दिसतं.

प्रयोगशाळेत तयार केलेला हिराही खराच, पण पावतीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. ग्राहकांनी हे विचारावंच. आपल्या लग्नसराई पुरवणीत याची माहिती द्यावी, ही विनंती.

– एक सराफ, वेंगुर्ले