उस्ताद, तुमची एक टामी किसुमूत राहिली

उस्ताद, सलाम.

तुम्ही फोन फक्त कानाला लावता हे माहितेय, म्हणून तुमच्या भाच्याला सांगून ठेवलंय की पंक्चरच्या दुकानावर गिऱ्हाईक नसेल तेव्हा हे मोठ्यानं वाचून दाखव. बाकीच्यांनी वाचलं तरी चालतंय, आपल्या भागात तुमच्याकडून फुकट हवा भरून न घेतलेला माणूस तसाही सापडायचा नाही.

आधी एक कबूल करतो. जानेवारी २०२३ मधे जायच्या आदल्या दिवशी दुकानावर आलतो तेव्हा "आफ्रिकेत काम लागलंय" एवढंच बोललो होतो. खरं म्हणजे चर्चकडून दोन वर्षं मिशनरी म्हणून चाललो होतो, केनियात, किसुमूला, पण तुमच्या तोंडावर ते सांगायची लाज वाटली, तुम्हाला काय वाटेल काय नाही. आणि मम्मीनं तुम्हाला आठवडाभर आधीच सगळं सांगितलेलं! तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, गल्ल्याखालून जुन्या लुंगीच्या फडक्यात बांधलेल्या टायर उचकायच्या दोन टाम्या, घासपेपर, पॅचची पट्टी आन् सोल्युशनची ट्यूब काढली अन् म्हणालात, "रख ले, उधर भी कांटे रहते." सोल्युशन मी येड्यासारखं हातातल्या पिशवीत ठेवलं, ते मुंबईला विमानतळावर चेकिंगमधेच गेलं, पेटणारी वस्तू म्हणून. टाम्या मोठ्या बॅगेत होत्या, त्या वाचल्या.

लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे दिवसभर बायबल हातात घेऊन भाषण. माझा दिवस सांगू का, साडेपाचला उठा, प्रार्थना, तासभर स्वाहिली घोका, बादलीत कपडे धुवा, चहा आन् मांदाझी म्हणजे तेलात तळलेला गोडसर पाव, आणि मग दोघं-दोघं सायकलवर बाहेर, एकट्यानं फिरायचं नाही असा आमच्या टीमचा नियम. जोडीदार तिथलाच, लुओ समाजाचा पोरगा. जेवायला उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी नाहीतर ओमेना, व्हिक्टोरिया सरोवरातली बोटाएवढी वाळलेली मासळी. पहिल्या आठवड्यात ज्वारीच्या भाकरीच्या आठवणीनं रडलोय, खोटं काऊन बोलू.

आणि पहिले तीन महिने कुणी धड दारात उभं करत नव्हतं. तिथं इंडियन माणसाला मुहिंदी म्हणतात. इंग्रजांनी मोंबासापासून रेल्वे टाकली, ती १९०१ मधे किसुमूच्या काठाला पोचली, कामाला हजारो मजूर इकडूनच नेलेले, मागोमाग व्यापारी गेले, त्यामुळं मुहिंदी म्हणजे काउंटरमागं बसलेला दुकानदार हे लोकांच्या डोक्यात पक्कं. तो सायकलवरून घामाघूम येऊन देवाचं बोलतोय म्हटल्यावर, हा नक्की काय विकतोय हेच बघायचे सगळे.

मग ती आजी. बाजारात बोलणं झालं, म्हणाली उद्या ये, "सा तातू". तातू म्हणजे तीन, एवढं मला येत होतं, जोडीदार त्या दिवशी तापानं पडला होता म्हणून विचारायला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी टीममधल्या दुसऱ्याच एका भावाला घेऊन दुपारी तीनला हजर, तर आजी लै चिडलेली. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात बघा, विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य जवळपास त्याच वेळेला उगवतो, त्यामुळं सकाळचे सात म्हणजे "एक" आणि नऊ म्हणजे "तीन". ती बिचारी सकाळी नऊपासून चहा करून वाट बघत बसलेली! माझ्यासोबतचा भाऊ पण नवखाच, तो पण मुकाट.

माफी मागून परत फिरणार तेवढ्यात तिचा नातू आला, सायकलला वीस-वीस लिटरचे दोन पिवळे कॅन बांधलेले आणि मागचं चाक एकदम बसलेलं. पोरगं म्हणालं, "पांचा." उस्ताद, पंक्चरला तिथं पांचा म्हणतात! आख्ख्या तीन महिन्यात पहिल्यांदा एक शब्द मला न घोकता कळला.

मी पिशवीतनं टाम्या काढल्या. चाक न खोलता टायरची एक बाजू काढली, ट्यूब बाहेर ओढली, आजीच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा धरला, घासलं, कोपऱ्यावरच्या दुकानातनं आणलेलं सोल्युशन लावलं आणि हात आपोआप थांबला. कारण कानात तुम्ही होतात, "जल्दी नक्को कर रे, सूखने दे." पोरगं म्हणतंय चिकटव की आता, मी म्हटलं थांब. बोटाला चिकटायचं बंद झालं तेव्हाच पॅच दाबला. मग टायरच्या आतनं बोट फिरवलं, कारण काटा सापडल्याशिवाय ट्यूब आत घातली की तुम्ही मागनं टपली मारायचे. सापडला, बाभळीचाच होता. आजी हसायला लागली आणि नवा चहा ठेवला. (त्या काट्यावर नंतर मी एक प्रवचन पण ठोकलं, माझ्या स्वाहिलीत कुणालाच कळलं नाही, बरंच झालं.)

त्यानंतर मी त्या वस्तीत "फुंडी" झालो, म्हणजे मिस्त्री. माती पण आपल्यासारखीच काळी, पाऊस पडला की मडगार्डमधे असा गोळा बसतो की चाक फिरत नाही, तुमची काडी घालून माती काढायची आयडिया तिथं हिट झाली. लोक सायकल घेऊन यायचे, बसायचे, आजारपण सांगायचे, पोराची फी सांगायचे, कुणी प्रार्थना करू म्हणायचं, कुणी नुसतं चाक घेऊन जायचं. आठवड्याच्या रिपोर्टमधे किती घरं झाली ते लिहायचं असायचं, मी एकदा खाली "पंक्चर ४" लिहिलं तर आमच्या वरच्यांनी बोलावून झापलं, इथं कशासाठी आलायस म्हणून. माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून पण नीट नाहीये.

सातवीच्या सुट्टीत पप्पांनी मला तुमच्याकडं बसवलं तेव्हा मी दोन दिवस रुसलो होतो, ते तुम्हाला आठवत असणार. काळे हात घेऊन संडेस्कूलला गेलो तर पोरं हसायची. आणि किसुमूत तेच काळे हात बघून लोक आधी बसायला पाट द्यायचे. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नसतं, तुम्ही मधेच "चल, गिऱ्हाईक आया" म्हणून ठेवला असता.

आजीला निघताना सांगितलं की हे शिकवणारे माझे उस्ताद जालन्यात असतात. तिनं निरोप दिलाय, "एरोकामानो". लुओ भाषेत शुक्रिया. पोचवला.

आता हिशोबाचं. फडकं आणि एक टामी परत आणलीय, दुसरी त्या नातवाकडं राहिली, शाळा सुटल्यावर तो आता आजीच्या दारात पांचा काढतो. तुमची माफी मागूनच दिली असं समजा. शुक्रवारी नमाजनंतर तुम्ही दुकान उघडाल तेव्हा मी शटरपाशी असेन, नवी टामी घेऊन, आणि चहाचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत.

तुमचा
छोटे