पार्किंगचे पैसे घेता, मग काच फुटल्यावर जबाबदारी कोणाची? पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

जिल्हा नियोजन समितीचे, म्हणजे डीपीडीसीचे, अध्यक्ष तुम्ही आहात, डीपीडीसीचा पैसा कुठल्या कामाला जायचा ते तुमच्या बैठकीत ठरतं, पोलीस खात्याचे आणि पालिकेचे मोठे अधिकारी त्या बैठकीत तुमच्यासमोर बसलेले असतात, म्हणून हे पत्र मुंबईला न पाठवता तुम्हाला लिहितोय. विषय पार्किंगमधे उभ्या गाडीची काच फोडून सामान नेण्याचा आहे. खून-दरोड्यापुढे हा विषय बारीक वाटेल, पण कृपया पूर्ण वाचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली होती. सण झाला, सासरी जायच्या आधी थोडी खरेदी करू म्हणून आम्ही गावाकडून शहरात आलो. मार्केटला लागून पालिकेनं ठेक्यानं दिलेलं पार्किंग आहे, तिथं रीतसर पावती फाडून गाडी लावली. मागच्या सीटखाली लेकीची बॅग होती, बॅगेत तिचा लॅपटॉप, दहावीपासून बीएडपर्यंतची सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं आणि माझ्या आईचे चांदीचे वाळे, सराफाकडे पॉलिशला टाकायचे म्हणून आणलेले. सराफाचं दुकान उघडायला वेळ होता म्हणून आधी कापडाच्या दुकानात गेलो. परत आलो तर मागच्या दाराजवळची ती छोटी तिकोनी काच फुटलेली, सीटवर काचेचे दाणे आणि बॅग गायब.

पार्किंगच्या पोरानं खांदे उडवले. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, वाहन व वाहनातील सामानाची जबाबदारी मालकाची राहील. मग तुम्ही पैसे कशाचे घेता रे बाबा? जागेचे? जागा तर पालिकेची आहे, म्हणजे आमचीच आहे. भिंतीजवळ एक आजी पेरू विकत बसते, तिनं स्वतःहून सांगितलं, "दोन पोऱ्या व्हतात, माले वाटनं तुमनाज शेतस." म्हणजे दोन पोरं होती, मला वाटलं तुमचीच आहेत. दहा पावलांवर बसलेली डोळ्यानं पाहणारी साक्षीदार! हे मी पोलीस ठाण्यात सांगितलं, लिहून घ्या म्हटलं, आजपर्यंत तिच्याकडे एक माणूस गेलेला नाही.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. तिथं जे झालं त्यानं मला चोरीपेक्षा जास्त लागलंय. आधी बराच वेळ बाकड्यावर. मग हवालदार म्हणाले, काका, गहाळचा दाखला घेऊन जा, त्यावर युनिव्हर्सिटी डुप्लिकेट मार्कशीट देते, कशाला एफआयआरच्या मागे लागता, उगाच कोर्टाच्या चकरा होतील. मी म्हटलं, साहेब बॅग गहाळ नाही झाली, काच फोडून नेलीय, काच बाहेर फुटलेली आहे, चला दाखवतो. तर म्हणे गाडीत ठेवायचंच कशाला. माझी लेक बाजूला रडत होती, तिची शिक्षक भरतीची कागदपत्र तपासणी तोंडावर आलीय, आणि तिच्यासमोर तिच्या बापाला विचारलं जातंय की ठेवायचंच कशाला. मग किमतीवर गाडी आली. लॅपटॉप जुना आहे, चार-साडेचार हजार धरू. वाळ्याचं बिल आहे का? अहो, माझ्या आजीनं आईला घातलेले वाळे, त्याचं बिल कुठून आणू? चांदी किलोला लाखाच्या वर गेलीय, पाव किलोच्या वर वजनाचे वाळे होते, आणि तुमच्या कागदावर त्याची किंमत शून्य.

हा साडेचार हजाराचा आकडा कुठून येतो ते मला नंतर एका वकील मित्रानं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे आले, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधे पाच हजाराच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली तर चोराला समाजसेवेची शिक्षा, आणि असा गुन्हा अदखलपात्र. म्हणजे किंमत पाच हजाराच्या खाली बसवली की पोलिसांना तपास करायचं बंधनच राहत नाही! कायदा करणाऱ्यांनी गरीब भुकेल्या पोराचा विचार केला असेल, चांगलंच केलं, पण ठाण्यातल्या टेबलावर त्याचा वापर कसा होतो ते तुम्ही बघणार की नाही?

आणि म्हणूनच हे पत्र नुसतं माझ्या बॅगेचं नाही. गहाळ लिहिलं, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद लिहिली, की कागदावर त्या पार्किंगमधे चोरी झालीच नाही. वर्षभर हेच चालू राहिलं की आढावा बैठकीत तुमच्यासमोर जो तक्ता येतो त्यात ती जागा स्वच्छ दिसते. स्वच्छ दिसते म्हणून तिथं गस्त नाही, कॅमेरा नाही, दिवा नाही. आणि चोराला हे आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे. त्याच मार्केटमधे मी नंतर दुकानदारांना विचारत फिरलो, जो तो सांगतो माझ्या गिऱ्हाइकाची फुटली, माझ्या भाच्याची फुटली, गेल्या लग्नसराईत तर लाइनीनं फुटल्या. एफआयआर कोणाकडे आहे विचारलं तर कोणाकडेच नाही! सुप्रीम कोर्टानं २०१३ साली ललिता कुमारी केसमधे स्पष्ट सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवायचाच. बारा वर्षं उलटून गेली, आमच्या ठाण्यापर्यंत तो निकाल पोचला नाही का?

कॅमेऱ्यांचंही सांगतो. मागच्या निवडणुकीत आमच्याकडच्या एका पुढाऱ्यानं याच मार्केटच्या चौकात उभं राहून शब्द दिला होता की पार्किंगमधे कॅमेरे बसवू, पोलीस कंट्रोल रूमला जोडू. खांब उभे राहिले, फीत कापली, फोटो आले. आज खांबावर डबा आहे आणि खाली वायर लोंबकळतेय. मी फुटेज मागितलं तर पालिका म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो देखभाल आमच्याकडे नाही, पोलीस म्हणतात समोरच्या दुकानदाराच्या कॅमेऱ्यात बघा काही मिळतं का. म्हणजे तपास मीच करायचा.

आणि दुसरीकडे कॅमेरे किती तेज आहेत बघा! सिग्नलला सीटबेल्ट लावला नाही तर फोटोसकट चलान मोबाईलवर. टोलवर फास्टॅग, काचेवरून पैसे कट. २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट सक्तीची केली, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, तीही मुकाट्यानं बसवली. गाडी घेतली तेव्हा दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स भरलाय साहेब. आमच्याकडून घ्यायचं असतं तेव्हा यंत्रणेला नंबर प्लेट वाचता येते, आमचं कोणी नेतं तेव्हा त्याच यंत्रणेला दोन पोरं दिसत नाहीत. याचा राग येणार नाही तर काय होणार?

अजून एक. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, उन्हात उभ्या गाडीत हात ठेववत नाही, म्हणून लोक काचेला फिल्म लावायचे. सुप्रीम कोर्टानं २७ एप्रिल २०१२ ला काळ्या फिल्म काढायला लावल्या, गुन्हेगारीच्या कारणानं, ठीक आहे, कोर्टाचा मान राखलाच पाहिजे. समोरची-मागची काच ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के आरपार दिसली पाहिजे हा नियम. पण मग आतली बॅग चोरालाही दिसते ना? काच पारदर्शक ठेवायची आम्ही, दंड भरायचा आम्ही, आणि ज्या जागेत गाडी लावायची तिथं राखण कोणाचीच नाही.

विम्यावाल्यांनीही हात वर केले. मोटार पॉलिसीत काच मिळते, बॅग मिळत नाही, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागतं म्हणे. आणि काचेचा क्लेम केला तर पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनस जातो. काच मी खिशातून बसवली.

२०१९ साली सुप्रीम कोर्टानं एका मोठ्या हॉटेलच्या केसमधे सांगितलं की तुमचा माणूस चावी घेऊन गाडी लावत असेल तर नुसतं 'मालकाच्या जबाबदारीवर' छापून निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. गाडी चोरीला गेली होती १९९८ ला, निकाल आला एकवीस वर्षांनी! आणि तोही चावी ताब्यात दिली म्हणून. आमच्या पे ॲन्ड पार्कमधे चावी आपल्या खिशात असते, म्हणून ठेकेदार म्हणतो गाडी आमच्या ताब्यात नव्हतीच. मग गेटवर साखळी लावून आमची गाडी अडवता कशी, पावती हरवली तर बाहेर का सोडत नाही? तरी ज्यांचं नुकसान झालंय त्यांना सांगतो, पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पावती जपून ठेवा.

साहेब, हे पत्र तुमच्याबरोबर माझ्यासारखी माणसंही वाचतील म्हणून चार गोष्टी त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. सामान डिकीत टाकायचं असेल तर घरून निघतानाच टाका, पार्किंगमधे उतरून सीटवरची बॅग डिकीत ठेवू नका, कारण तिथं बघणारा बसलेलाच असतो. चार्जरची वायर, मोबाईलचा स्टँड काढून ठेवा, काचेवरचा त्याचा गोल डागसुद्धा पुसा, गाडी रिकामी दिसली तरच गाडीवाला सुटतो. रिमोट दाबला की निघून जाऊ नका, हँडल ओढून बघा, रिमोटचा सिग्नल अडवणारे चोर असतात, आपल्याला वाटतं लॉक झालं आणि दार उघडंच असतं. भिंतीला चिकटून किंवा मोठ्या पिकअपच्या आडोशाला गाडी लावू नका. कोणी म्हणालं काका तुमचे पैसे पडले, बोनेटखालून ऑईल गळतंय, तर आधी गाडी लॉक करा मग खाली बघा. आणि शेतकरी भाऊंनो, कापसाचा चुकारा किंवा केळीचा पैसा बँकेतून काढला की मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवून चहाला थांबू नका, बँकेपासून माणूस मागे लागलेला असतो. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे ९० दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्यात घेतलं नाही तर त्याच संहितेच्या कलम १७३ खाली एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, लेखी पाठवा. मी पाठवलंय.

पण हे सगळं आम्हीच करायचं असेल तर सरकार कशासाठी? नळाला रोज पाणी येत नाही, टँकर आम्ही आणायचा. वीज जाते, इन्व्हर्टर आम्ही घ्यायचा. सरकारी शाळेत मास्तर नाहीत, आणि मास्तर व्हायला निघालेल्या माझ्या लेकीची कागदं पालिकेच्या पार्किंगमधून चोरीला जातात. कॉलनीत वर्गणी काढून कॅमेरे आम्ही लावायचे, रात्रीचा गुरखा आम्ही ठेवायचा आणि गुन्हा घडला की पोलीस आमच्याच दारात फुटेज मागायला येणार. ठाण्यात माणसं कमी आहेत हे मला दिसतं, त्या हवालदाराचेही डोळे जागरणानं लाल होते, पण जी आहेत ती कुणाच्या बंदोबस्तावर उभी असतात ते तुम्ही जिल्ह्यात येता तेव्हा तुम्हालाही दिसत असेल. खान्देशात सोनं घ्यायला लोक लांबून येतात, इथून एका बाजूला मध्य प्रदेश, एका बाजूला गुजरात, चोर दोन तासात हद्द ओलांडतो. इथली यंत्रणा तर इतरांपेक्षा जास्त जागी पाहिजे.

माझं मागणं एवढंच. पार्किंगचा ठेका देताना चालू कॅमेरा, दिवा, पहारेकरी आणि नुकसानीची जबाबदारी या अटी करारात घाला आणि तो करार गेटवर मोठ्या अक्षरात मराठीत लावा. अटी पाळल्या नाहीत तर ठेका रद्द करा. बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती डीपीडीसीतून मंजूर करा आणि देखभाल कोणाकडे ते नावानिशी ठरवा. काच फोडून झालेली प्रत्येक चोरी चोरी म्हणूनच नोंदवली जाईल, गहाळमधे ढकलली जाणार नाही, असं लेखी पत्र एसपींकडून सगळ्या ठाण्यांना जाऊ द्या. आणि माझा एफआयआर नोंदवा, वाळ्यांच्या खऱ्या किमतीसकट.

डीपीडीसीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे आलं की नाही ते मी माहिती अधिकारात मागवणार आहे, त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

आपला,
खान्देशातला एक करदाता आणि एका लेकीचा बाप