तुटलेला ॲक्सल भंगारात घालू नका: तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. भार आला की वस्तू किती वाकते, कधी तुटते आणि का तुटते, हा माझा विषय. या विषयात आपल्या मुलांना संशोधन करायला वाव मिळावा म्हणून हे पत्र लिहिते आहे. मुख्य मागणी एकच आहे. सरकारच्या मालकीचं जे जे तुटतं, मग तो पुलाचा गर्डर असो, एसटीचा ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) असो की वीजवाहिनीचा मनोरा, त्याचा तुकडा भंगारात जाण्याआधी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यावा आणि त्यावरचा अहवाल कुणालाही वाचता यावा.

साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात मिलच्या रोलरचा शाफ्ट तुटतो. गाळप थांबतं, गव्हाणीपुढे ऊसगाड्यांची रांग लागते. नवा शाफ्ट बसला की जुना यार्डात जाऊन पडतो. तो तुटलेला भाग स्वच्छ पुसून एकदा पाहावा. जिथे शाफ्टचा व्यास बदलतो, बहुधा त्याच कोपऱ्यातल्या एका ठिपक्यापासून कमानीसारख्या रेषा एकामागून एक आत सरकत गेलेल्या दिसतात. तेवढा भाग गुळगुळीत असतो, उरलेला खरबरीत आणि दाणेदार. गुळगुळीत भागात भेग शाफ्ट फिरत असताना हळूहळू वाढत होती. खरबरीत भाग शेवटच्या एका क्षणात तुटला. तो मोठा असेल तर शाफ्टवर भार जास्त होता, लहान असेल तर कमी भारावरही भेग बराच काळ वाढत राहिली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तर बारीक रेषांमधलं अंतर मोजून भेगेच्या वाढीचा वेगही काढता येतो. एम.टेक.च्या मुलाचा अख्खा प्रबंध त्या एका तुकड्यात असतो, आणि आपण तो किलोच्या भावाने विकतो.

हे शास्त्र मुळात तुटक्या वस्तूंतूनच उभं राहिलं. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि मोठी जीवितहानी झाली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या ॲक्सलवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. धातू एका दणक्यात तुटणार नाही इतक्या लहान भारानेही, तो पुन्हा पुन्हा आला तर तुटतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. 1954 मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेतच फुटली. ब्रिटिशांनी एल्बा बेटाजवळच्या समुद्रतळातून अवशेष वर काढले, दुसऱ्या एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आत पुन्हा पुन्हा दाब दिला, भेग कुठून सुरू होते ते शोधलं आणि सगळं जाहीर केलं. त्याचा फायदा जगभरच्या विमानबांधणीला झाला.

आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला. 14 मार्च 2019 ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं. 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. तिन्हींची कारणं सारखी नव्हती, म्हणूनच तिन्ही अभ्यासायला हवीत. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ तर महाडच्याच महामार्गावर आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी यातल्या एकाही पुलाचा दगड, काँक्रीट किंवा लोखंड हातात घेतलेलं नाही. ते पाठ्यपुस्तकातले परदेशी फोटो बघून परीक्षा देतात.

नुसते तुकडे देऊन मात्र भागणार नाही. धातूच्या थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तो तुटण्याची, चाचणी साधारण 1 कोटी आवर्तनांपर्यंत (भार तितक्या वेळा देऊन) न्यावी लागते. सेकंदाला 30 आवर्तनं धरली तरी एका नमुन्याला जवळजवळ चार दिवस आणि चार रात्री लागतात, आणि असे डझनभर नमुने तपासल्याशिवाय किती भाराला धातू किती आवर्तनं टिकतो याचा आलेख विश्वासार्ह होत नाही. मध्येच वीज गेली तर मेहनत वाया जाऊ शकते. एका संस्थेत मी असं महागडं मशीन प्लास्टिकखाली झाकलेलं पाहिलं आहे. त्याचं तेल थंड ठेवणारा चिलर बिघडला होता, देखभालीचा करार संपला होता आणि ते चालवणारा प्रयोगशाळा सहाय्यक निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नव्हती. मशीन घ्यायला निधी मिळतो, ते चालवणाऱ्या माणसाला मिळत नाही. तासिका तत्त्वावरचा माणूस रात्री दोन वाजता येऊन तेलाचं तापमान बघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रत्येक मशीनमागे एक कायम तंत्रज्ञ द्या. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांनी कितीतरी घरांतली पहिली मुलं पीएच.डी.पर्यंत पोचवली, ती रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात पडू द्या, कारण चाचणी सुरू असताना घरभाडं थांबत नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्रींनाही (धातू ओतणाऱ्या कारखान्यांनाही) अशा तपासणीची गरज आहे. ओतकामात आत राहिलेली वायूची बारीक पोकळी त्या भागाचं आयुष्य ठरवते, पण लहान उद्योजकाला ती तपासणी परवडत नाही. हेच काम जवळच्या महाविद्यालयातल्या संशोधकाचा विषय होऊ शकतं.

सुरुवात एसटीपासून करावी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, आणि पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या तिन्ही शहरांत अभियांत्रिकीच्या जुन्या संस्था आहेत. परिवहन खातं आपल्याकडे नाही हे मला माहीत आहे. पण दोन खात्यांनी मिळून एक शासन निर्णय काढला तरी पुरे. तुटलेल्या प्रत्येक ॲक्सलला आणि स्प्रिंगच्या पाट्याला गाडीचा क्रमांक, ती किती किलोमीटर धावली ते आणि मार्ग लिहिलेलं लेबल लावायचं आणि लिलावाआधी तो जवळच्या संस्थेत पाठवायचा. कोकणातल्या घाटात धावणाऱ्या गाडीचे पाटे आणि मराठवाड्यातल्या सपाट रस्त्यावरचे पाटे वेगळ्या तऱ्हेने तुटतात का, हे पहिल्याच वर्षी आमची मुलं आपल्याला सांगू शकतील.

कळावे,

आपली,
यंत्र अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका