संगणकाच्या पडद्यावरील मराठीसाठी सहकार्याचे आवाहन

अंबाजोगाई व परिसरातील वाचनालयाचे सर्व सभासद, शिक्षक, व्यापारी, माजी विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेले आपले गावकरी यांना सप्रेम नमस्कार.

विनंती विशेष. आपल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या मराठी संगणक विभागाचे काम आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. लिबरऑफिस (लेखन-हिशेबासाठी), फायरफॉक्स (इंटरनेट पाहण्यासाठी), ग्नोम (लिनक्सवरील पडदा व मेन्यू) यांसारख्या मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-सुधारता येणाऱ्या, सॉफ्टवेअरमधील मेन्यू, सूचना आणि मदतीची पाने मराठीत आणणे, पूर्वी झालेले मराठी तपासून घेणे आणि असे मराठी संगणक शाळांत व महिला बचत गटांत बसवून देणे, हे या विभागाचे काम. आजवर ते कार्यकर्त्यांच्या पदरमोडीवर आणि मोजक्या दात्यांच्या भरवशावर चालले. या वर्षी ते तसे निभावणार नाही, म्हणून हे आवाहन करीत आहोत.

तातडीचे कारण आधी सांगतो. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढच्या आवृत्तीसाठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो, आणि आम्ही ज्या शाळांत जातो तेथील जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांत या दोन्ही गोष्टी नाहीत. यंत्रे धडधाकट आहेत, कळफलक शाबूत आहेत, तरीही ती निर्लेखनाच्या यादीत जाऊ लागली आहेत. याच यंत्रांत एसएसडी (वेगवान साठवण) आणि थोडी जास्तीची रॅम (कामचलाऊ स्मृती) घालून लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली बसवली की ती आणखी काही वर्षे उत्तम चालतात, हा आमचा अनुभव आहे. मात्र त्यावरचे मराठी अर्धवट असेल, एक मेन्यू मराठीत आणि त्यातून उघडणारी चौकट इंग्रजीत असेल, तर गुरुजी आणि विद्यार्थी दोघेही बिचकतात आणि ते यंत्र पुन्हा कोपऱ्यात झाकून ठेवले जाते.

‘एकदा मराठी करून झाले, मग दरवर्षी पैसे कशाला?’ असे आम्हांला वारंवार विचारले जाते, म्हणून त्याचा खुलासा करणे आवश्यक वाटते. लिबरऑफिसची नवी आवृत्ती दरवर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते, ग्नोमची मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, आणि फायरफॉक्सची तर साधारण दर चार आठवड्यांनी. प्रत्येक आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात आणि काही जुनी बदलतात. ग्नोमसारख्या प्रकल्पांत मूळ इंग्रजी वाक्यात किंचितसा बदल झाला, तरी भाषांतराच्या फाइलमध्ये त्यासमोरच्या मराठी वाक्यावर ‘फझी’ अशी खूण पडते आणि कोणी तरी ते वाचून, सुधारून खूण काढीपर्यंत वापरणाऱ्याच्या पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजीच दिसते. याचा अर्थ असा की, वर्षभर कोणी लक्ष दिले नाही तर पूर्ण झालेले मराठीसुद्धा हळूहळू मागे सरकत जाते. हे काम विहिरीचा गाळ काढण्यासारखे आहे, ते एकदा करून भागत नाही.

दुसरा प्रश्न गेल्या वर्ष-दोन वर्षांत अधिक येऊ लागला आहे. आता यंत्रच क्षणात भाषांतर करते, तर माणसे कशाला हवीत? यंत्राने सुचवलेले भाषांतर आम्हीही वापरतो आणि त्यामुळे वेळ वाचतो, हे खरेच आहे. परंतु सॉफ्टवेअरमधील वाक्य सुटे येते. ते बटणावर आहे की मथळ्यात, त्यात मागाहून फाइलचे नाव येऊन बसणार आहे की संख्या, त्या नावाचे लिंग कोणते, क्रियापद एकवचनी हवे की अनेकवचनी, हे प्रत्यक्ष पडद्यावर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. संख्या जिथे भरायची ती खूण यंत्राने चुकून गाळली, तर ती सूचना निरुपयोगी होते. शिवाय ग्नोम आणि त्यासारखाच दुसरा प्रकल्प केडीई यांची भाषांतरे भाषा-तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी खुल्या संग्रहांत जातात आणि तेथून ती यंत्रांना शिकवण्यासाठी वापरली जातात. आज आपण त्यांत कच्चे मराठी राहू दिले, तर उद्याची यंत्रे तेच कच्चे मराठी शिकतील, म्हणून तपासनिसाची गरज कमी झालेली नसून वाढलेली आहे.

हे काम किती बारकाईचे असते ते आपणांस ठाऊक असावे, म्हणून एक उदाहरण देतो. आपल्याकडील एका शाळेत हजेरीपट वर्णानुक्रमाने लावला, तेव्हा ज्ञानेश्वर जयश्रीच्या पंक्तीत गेला आणि क्षितिजा क च्या नावांत जाऊन बसली. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात ज्ञ आणि क्ष ही जोडाक्षरे ज आणि क पासून सुरू होतात, आपल्या बाराखडीत मात्र ती शेवटी येतात. तो क्रम संगणकाला मराठीसाठी वेगळा सांगून ठेवावा लागतो आणि त्या यंत्रावर तो नीट निवडलेला नव्हता. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील र चेही तसेच आहे. फाँटाने किंवा कळफलकाने तेथे दगा दिला की त्याचा रफार होऊन बसतो, आणि ज्या जिल्ह्यात पीकविम्यापासून अनुदानापर्यंत प्रत्येक अर्जावर हा शब्द असतो, तेथे तो चुकीचा उमटणे आम्हांला खपत नाही. नवी आवृत्ती आली की आमच्या यादीतील असे शब्द प्रत्येक यंत्रावर टंकून, छापून पाहिले जातात.

या कामाचा उपयोग काय, हे पाहायचे असल्यास येल्डा रस्त्याकडील आपल्या बचत गटाच्या ताईंना भेटावे. गटाचा हिशेब त्या लिबरऑफिसच्या कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यांत ठेवतात. फाइल बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ हा प्रश्न इंग्रजीत येत असे, तोवर त्या हात मागे घेऊन भाच्याला हाक मारीत आणि तो घरी नसला तर संगणक रात्रभर तसाच चालू राही. तोच प्रश्न मराठीत आला, तेव्हापासून बँकेचे मासिक विवरण त्या स्वतः तयार करतात आणि शेजारच्या दोन गटांनाही शिकवतात. त्यांच्या मोबाइलवर मराठी पूर्वीपासून होती. पण हिशेब, ठराव, अर्ज आणि हजेरीपट ही कामे मोठ्या पडद्यावर होतात आणि आपली माणसे तेथेच अडतात.

मराठवाड्याला ही अडचण नवी नाही. निजामी राजवटीत राज्यकारभार उर्दूत चाले, १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते, आणि त्यासाठी सरकारी खर्चाने शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करणारे खाते चालवले जात होते. मराठीच्या वाट्याला तसे काही आले नाही. तेव्हा हिप्परगा आणि आपले अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळा लोकांनी आपल्या बळावर चालवल्या आणि स्वामी रामानंद तीर्थांनी या दोन्ही ठिकाणी अध्यापन केले. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावाने मराठीसाठी कोणाच्या तोंडाकडे पाहिलेले नाही, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

ज्यांच्या खांद्यावर आम्ही उभे आहोत त्यांचे ऋण येथे नमूद केलेच पाहिजे. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी केलेले काम, १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली आणि इनस्क्रिप्ट कळफलक, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी मराठीकरणासाठी घेतलेले कष्ट, सर्वांना मोफत मिळालेले लोहित फाँट, हे सर्व नसते तर आमच्या हाती सुरुवात करायलाही काही नव्हते. गावातील ऋणही तितकेच मोठे आहे. आपले निवृत्त मुख्याध्यापक सर उन्हाळ्याच्या दुपारी कूलर बंद पडला तरी खुर्ची न सोडता शब्दसूची तपासत बसले आणि ‘टंकलेखक, मुद्रितशोधक, शिपाई, काय हवे ते म्हणा’ असे म्हणून त्यांनी आम्हां सर्वांना लाजवले. मोंढ्यातील आडत व्यापारी बंधूंनी पहिले संगणक दिले आणि नाव छापू नये असे बजावले, ते आजही पाळत आहोत. अभियांत्रिकीच्या ज्या मुलींनी परीक्षेच्या तोंडावर मदतीची पाने पूर्ण केली, त्यांतील एक आता पुण्यात नोकरी करते आणि अजूनही रविवारी सकाळी वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर येऊन आमचे काम तपासून देते. जे दानशूर डॉक्टर पती-पत्नी दर गुढीपाडव्याला न मागता धनादेश पाठवत आले, त्यांतील डॉक्टरसाहेब गेल्या वर्षी आपल्यातून गेले. बाईंनी या पाडव्यालाही धनादेश पाठवला. तो स्वीकारताना कार्यकारिणीतील कोणालाच बोलणे सुचले नाही.

यासोबत एक गोष्ट मनात आहे, ती मोकळेपणाने सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आपल्या चौकात पेढे वाटले गेले, मोठमोठे फलक लागले आणि आम्हीही त्या आनंदात सामील होतो. त्यानंतर महिन्याभरात याच विभागासाठी काढलेले मदतीचे पत्रक घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरले, तेव्हा फलकांवर ज्यांची छायाचित्रे होती त्यांतील बहुतेकांकडून उत्तरही आले नाही. एका शिक्षणसंस्थेने कार्यशाळेसाठी सभागृह देण्याचे कबूल करून आदल्या संध्याकाळी नकार कळवला, आणि परगावहून आलेल्या शिक्षकांना आम्हांला वाचनालयाच्या व्हरांड्यात बसवावे लागले. तक्रार करण्याचा हेतू नाही, परंतु वाईट वाटले हे लपवण्यातही अर्थ नाही. केरळमध्ये शासनाने शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि मुले मल्याळममध्ये संगणक शिकली. २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीला असा आधार मिळेपर्यंत हे ओझे लोकांनीच उचलायचे आहे.

या वर्षाचा अंदाजित खर्च पुढीलप्रमाणे: दोन अर्धवेळ तपासनिसांचे दरमहा प्रत्येकी ४,००० रुपये मानधन, वर्षाचे ९६,००० रुपये, ३० जुन्या संगणकांना एसएसडी व रॅम, ७५,००० रुपये, भारनियमनात काम अडू नये यासाठी इन्व्हर्टरची नवी बॅटरी, १८,००० रुपये, शिक्षक व बचत गटांच्या कार्यशाळा, छपाई व प्रवास, १६,००० रुपये, एकूण २,०५,००० रुपये. धनादेश वाचनालयाच्या नावे काढून मागील बाजूस ‘मराठी संगणक विभाग’ असे लिहावे. खात्याचा तपशील व क्यूआर कोड वाचनालयाच्या सूचनाफलकावर आहे. रोख रक्कम केवळ कार्यालयातच द्यावी व पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. आयकर सवलतीची नोंदणी वाचनालयाकडे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जुने चालू संगणक, पडदे, कळफलकही स्वीकारू, मात्र हार्ड डिस्कवरील खासगी माहिती देणाऱ्याने आधी काढून घ्यावी. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा: दर रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत बैठक असते, शुद्ध मराठी लिहिता येणे पुरेसे आहे, संगणकाचे आम्ही शिकवू. पुण्या-मुंबईकडील मंडळींना घरबसल्या काम देता येईल. ऑगस्टच्या आवृत्तीसाठीची वाक्ये वेळेत तपासून व्हावीत आणि १५ जूनला शाळा उघडण्यापूर्वी यंत्रे बसवता यावीत, यासाठी मदत ३० एप्रिलपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. ऑडिट केलेला गेल्या वर्षाचा हिशेब कार्यालयात कोणालाही पाहता येईल. सोमवारी वाचनालयास सुट्टी असते.

आपले नम्र,
चिटणीस व कार्यकारिणी सदस्य,
मराठी संगणक विभाग, अंबाजोगाई, जि. बीड