बाळूस, गॉगलबद्दल

शहापूर, बेळगाव
श्रावणातला शनिवार, रात्री

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

रविवारी स्टेशनवर सोडायला आलास तेव्हाच बोलणार होतो, पण पोरं सोबत होती म्हणून गप्प बसलो. फोनवर सांगितलेलं तू "होय की" म्हणून विसरतोस, म्हणून आज कागदच काढला. जरा लांबेल. सगळं वाच आणि पुतण्यालाही वाचायला दे.

वीटभट्टीवरचा तुमचा एअरसॉफ्टचा, म्हणजे प्लास्टिकच्या छर्‍यांच्या बंदुकांचा खेळ मला मनापासून आवडला. खानापूरच्या पावसात, काजूच्या झाडांखालून चिखलात लोळत दहा जण खेळता आणि शेवटी एकाच डब्यातला चिवडा खाता, हे बघून बरं वाटलं. पण दुसऱ्या डावात तू पडक्या भिंतीआड बसलास तेव्हा मी बांधावरून बघत होतो. तुझ्या गॉगलची काच आतून पांढरी झाली होती. तू अंगठ्यानं तो कपाळावर ढकललास, बाहीनं काच पुसलीस, उजेडाकडे धरून बघितलीस, पुन्हा पुसलीस. तेवढ्यात तुझ्या डोक्यावरच्या विटेवर छर्रा आपटला आणि तांबडी पूड उडाली. तुला ते कळलंसुद्धा नाही. माझ्या पोटात गोळा आला.

का आला ते तुला ठाऊक आहे. उद्यमबागेत कामाला लागून दोन वर्षं झाली होती. बिडाच्या कास्टिंगवर ग्राइंडर मारत होतो, घामानं काच धूसर झाली म्हणून गॉगल वर केला, आणि शेजारच्या ग्राइंडरवरून कण आला. एकानं हातरुमालाच्या टोकानं काढायला बघितलं, तो आणखी रुतला. दवाखान्यात गेलो दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी कण काढला, पण रात्रीतून लोखंडानं बुबुळावर गंजाचं कडं धरलं होतं. दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसल्या बारीक फिरत्या हत्यारानं ते खरवडून काढावं लागलं. डोळा बधिर केलेला असतो, दुखत नाही, पण ते टोक आपल्याच डोळ्याकडे येताना दिसतं. आजही रात्री समोरून गाडी आली की उजव्या डोळ्याला दिव्याभोवती कडी दिसतात. गॉगल होता माझ्याकडे, बाळू. चांगला होता. कपाळावर होता.

म्हणून "कुठला घेऊ?" असं तू विचारलंस त्याला माझं पहिलं उत्तर हे, की जो खेळ संपेपर्यंत वर करावा लागणार नाही तो घे. काच किती मजबूत, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरी काचेचंही सांगतो, कारण तुमच्या पेटीत मी भलतंच बघितलं. हिरव्या काचेचा, जत्रेतल्या बंदुकीबरोबर मिळतो तसला एक गॉगल होता. तडा गेलेला म्हणून तू मला देऊन टाकलास. घरी आणून त्याची काच व्हाइसमध्ये धरली आणि पक्कडीनं वाकवली. थोडी वाकली आणि काडकन मोडली. तुकड्यांना सुरीसारख्या धारा होत्या, एक टेबलाखाली जाऊन पडला. मग आमच्या कामावरच्या जुन्या गॉगलच्या काचेची पट्टी तशीच धरली. ती पार घडी पडेपर्यंत वाकली, घडीवर पांढरी पडली, पण मोडली नाही. पहिली काच ॲक्रिलिकसारख्या ठिसूळ प्लास्टिकची, दुसरी पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची. डोळ्यासमोर दुसरीच हवी.

आता आकडे. तुमचा छर्रा ६ मिलिमीटरचा, ०.२० ग्रॅमचा. बंदूक ३५० एफपीएसची म्हणालास, म्हणजे छर्रा सेकंदाला ३५० फूट, सुमारे १०७ मीटर जातो. वजन आणि वेगावरून धडकेची ऊर्जा काढली तर ती १.१४ ज्यूल येते (ज्यूल हे ऊर्जेचं माप). आता गॉगलवरचे शिक्के बघ. युरोपच्या ईएन १६६ या जुन्या मानकात 'एफ' अक्षर असेल तर ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारून काच तपासलेली असते. हे ०.८७ ज्यूल झाले, तुमच्या छर्‍यापेक्षा कमी! 'बी' असेल तर तीच गोळी १२० मीटर वेगानं, म्हणजे ६ ज्यूलच्या वर. साध्या चष्म्यासारख्या गॉगलला 'एफ'च्या पुढचा शिक्का मिळतच नाही. 'बी' मिळतो तो चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या बंद गॉगलला. अमेरिकेचा 'झेड ८७+' असेल तर त्यातलं अधिकचं चिन्ह महत्त्वाचं, ते धडक-चाचणीचं. तिथंही चष्म्याची चाचणी साधारण १.१ ज्यूलला आणि बंद गॉगलची ३ ज्यूलला होते. पोलादी गोळी आणि प्लास्टिकचा छर्रा सारखे नव्हेत, त्यामुळं हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, पण चष्म्याच्या वाट्याला शिल्लक किती थोडी राहते ते दिसतं. शिक्का काचेवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे बघ; दोन्हींत जो कमी तो धरायचा. एअरसॉफ्टसाठीच केलेलं एएसटीएम एफ २८७९ हे मानकही आहे, ते लिहिलेलं सापडलं तर उत्तमच. दुकानदार "अनब्रेकेबल आहे साहेब" म्हणाला आणि शिक्का कुठंच नसेल तर परत ठेव.

पुतण्याला जाळीचा हवा आहे. वाफ धरत नाही म्हणतो, ते खरं आहे. पण मी त्या भट्टीची जमीन बघितली. फुटलेल्या छर्‍यांच्या कपच्या आणि विटांची भुकटी जिकडंतिकडं पडली आहे. छर्रा जाळीवर फुटला की कपच्या भोकांतून आत जातात, विटेची पूड तर जातेच. हलकी जाळी जवळच्या माराला फाकतेही. जाळी दातांसाठी ठेवू दे. तोंडाचा जाळीचा मास्क चांगला आहे, समोरचा दात गेला तर परत येत नाही. डोळ्यांवर मात्र काचच.

माझं ऐकशील तर सगळ्यांसाठी पेंटबॉलचे (रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाचे) अख्ख्या चेहऱ्याचे मास्क घ्या, दुहेरी काचेचे. पेंटबॉलची गोळी सुमारे ३ ग्रॅमची आणि वेग ३०० एफपीएसच्या आसपास, म्हणजे १२ ज्यूलचा मामला. त्या हिशेबानं ते बनवलेले असतात. कान, गाल, दात सगळं झाकतं. बंदुकीचा दस्ता गालाला नीट लागत नाही ही अडचण खरी आहे, नेम धरायची सवय बदलावी लागेल. बदला.

दुहेरी काचेचं कारण सांगतो. चुलीवरच्या भांड्याचं झाकण थंड असलं की आतून थेंब धरतात, तसंच हे आहे. चेहऱ्याची गरम ओली हवा पावसानं गार झालेल्या काचेला लागते. दोन काचांमध्ये हवा असली की आतली काच गार पडत नाही. खेळायच्या दहा मिनिटं आधी गॉगल घालून बस, काच जरा ऊब धरते. घामेजल्या कपाळावर चढवून ठेवायचा नाही, वाफ तिथंच भरते. आतून बोट किंवा बाही फिरवू नकोस. आतला वाफ न धरू देणारा लेप ओला असताना मऊ असतो, पुसलास की गेला. मऊ कापडानं नुसतं टिपायचं. साध्या, लेप नसलेल्या काचेला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पसरून कोरडा केला तर तासभर निभावतं. ईएन शिक्क्यात 'एन' अक्षर असेल तर काच धुक्याच्या चाचणीत उतरलेली असते. आणि थिनर, पेट्रोल, ॲसिटोन काचेजवळ नेऊ नका. पॉलिकार्बोनेटला त्यानं बारीक तडे जातात, ते आधी दिसतही नाहीत.

गॉगल नीट बसतो का ते बघायला मी पुढच्या वेळी ६ मिलिमीटरचा ड्रिल घेऊन येतो. गॉगल घालून डोळे मीट, मी दांड्याकडची बाजू कडेनं फिरवतो. नाकाजवळ, गालाच्या हाडाखाली, कानाकडे जिथं दांडा आत शिरेल तिथं छर्राही शिरेल. रविवारी तू पालथा पडून खेळत होतास तेव्हा खालून, नाकाच्या बाजूनं, मला तुझी पापणी दिसत होती.

तुझं अवघड तुझ्या चष्म्यामुळं आहे. साडेपाच उणे नंबर. असल्या डोळ्यांचा आतला पडदा आधीच ताणलेला असतो, मार बसला तर तो सुटायची भीती इतरांपेक्षा जास्त. चष्म्याची नेहमीची काच म्हणजे संरक्षण समजू नकोस, ती फुटली तर तीच डोळ्यात जाईल. आणि साध्या गॉगलखाली चष्मा घातलास की काड्यांमुळं कडेचा फोम उचलतो, फट राहते. चष्म्यावरून घालायचे, काड्यांसाठी खाचा असलेले गॉगल मिळतात, किंवा आत नंबरची वेगळी जोडी बसवता येते. खडेबाजारातल्या चष्मेवाल्याला विचारलं, तो पॉलिकार्बोनेटमध्ये नंबर करून देतो म्हणाला.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. बांधावर माझ्या शेजारी तीन गुराखी पोरं उभी होती. उघड्या डोळ्यांनी. एक छर्रा आमच्या पायाशी येऊन पडला, एकानं उचलून खिशात टाकला. बाळू, खेळणाऱ्यांनी गॉगल घालून भागत नाही. बघणाऱ्यांची जागा लांब आणि आडोशाला करा, हिरवी नेट बांधा, आणि कुणी अनोळखी आत आला की मोठ्यानं "थांबा!" म्हणून सगळ्यांनी बंदुका खाली. कुणाचा गॉगल निसटला तरी तेच. तो तळहातानं डोळे झाकून खाली बसेल. नेटच्या आत येईपर्यंत, मॅगझीन काढून जमिनीत एक रिकामा चाप ओढेपर्यंत, कुणीही गॉगल काढायचा नाही. पुसायचा असला तरी तिथंच येऊन.

एवढं करूनही कुणाला लागलंच, तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, गुलाबपाणी नाही, एरंडेल नाही, रुमालाचं टोक तर नाहीच. कागदी कपाचं बूड कापून डोळ्याला न टेकेल असं वरून चिकटवायचं, डोकं उंच ठेवून बसवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ॲस्पिरिन द्यायची नाही, रक्त जास्त वाहतं. दुखणं तासाभरात थांबलं तरी जायचंच. आत बुबुळापुढं रक्त साचलेलं असू शकतं, दोन-चार दिवसांनी ते पुन्हा वाहू शकतं, आणि मारामुळं काचबिंदू वर्षांनंतरही येऊ शकतो.

उद्याचा सोडून पुढच्या रविवारी पाऊस असला तरी मी सकाळच्या गाडीनं येतो. तोवर खेळायचं असेल तर खेळा, पण तू काठावर बस. तुझ्या चष्म्याच्या नंबरच्या चिठ्ठीचा फोटो मात्र पत्र मिळताच पाठव. चष्मेवाला म्हणतो, काच यायला आठ दिवस लागतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईनं तुझ्यासाठी कुंदा घेऊन ठेवायला सांगितलाय, तो आणतो.

तुझा,
दत्ता